ढमीची हजामत

पावसाळ्यात नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंचेसुद्धा वाळत नाहीत, तिथे ढमीचे केस कुठले वाळायला! ढमी म्हणजे आमची पेरुव्हियन, म्हणजे लांब केसांच्या जातीची, गिनी पिग. मागचे केस मुतात भिजून त्यांची जट झाली, वास सुटला, माशा घोंघावू लागल्या. पहिल्यांदा मी जट ओढून कापायला गेलो, तर सोबत कातडीही वर आली. थोडक्यात वाचली.

आता बायको तिला टॉवेलवर मांडीत घेते, तोंडापुढे कोथिंबिरीची काडी. मी कातडीलगत फणी आडवी धरतो आणि बोथट टोकाच्या कात्रीने फणीच्या वरचेच केस कापतो. कोथिंबीर संपली की काम बंद, उरलेलं उद्या. केस महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे दर महिन्याला हा कार्यक्रम ठरलेला. कापणी तिरकी होते, लेक हसते. ढमीचं लक्ष कोथिंबिरीत.