आधी घेतो, मग रडतो: जुने गेम घेताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो. फोटो कार्ट्रिजचा (गेमच्या यंत्रात खोचायचा ठोकळा) नाहीतर डिस्कचा, आणि खाली एकच ओळ: "घेतलंय, पण चालत नाही. काय करू?" माझं उत्तर ठरलेलं. घेण्याआधी विचारायचं होतंस. त्यावर समोरून हसरा चेहरा येतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसाचा दुसरा फोटो.

जुन्या गेमवर पैसे घालवून हळहळणारे मी इतके पाहिलेत, आणि त्यांच्या रांगेत इतक्यांदा स्वतः उभा राहिलोय, की या चुका आता तोंडपाठ आहेत. गेमच टाकाऊ निघाला म्हणून रडणारे त्यात फार थोडे. बाकीच्यांनी गेम चांगलाच निवडलेला असतो. पण प्रत नकली असते, नाहीतर दुसऱ्या देशाची असते, नाहीतर घरातल्या टीव्हीशी तिचं जमत नाही. आणि काही जण वीस वर्षं उशिरा पोचलेले असतात.

नकली कार्ट्रिज

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझेच हात पोळलेत.

भाच्याला पोकेमॉन एमरल्ड हवा होता. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलचा, २००४ साली जपानमध्ये पहिल्यांदा आलेला. मी शोधला आणि बाकीच्यांपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत एक सापडला. फोटोत लेबल कोरं करकरीत. इतक्या वर्षांच्या कार्ट्रिजवर इतकं कोरं लेबल कसं, हे मनात आलं होतं. पण स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर माणूस स्वतःलाच गप्प बसवतो.

पोरानं पस्तीस तास घातले. आठही जिम जिंकले, एलिट फोरला हरवलं, चॅम्पियनला हरवलं, हॉल ऑफ फेममध्ये त्याची सगळी टीम झळकली, नावांची यादी वर सरकत गेली. या टप्प्यावर गेम स्वतःच सेव्ह करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला तर कंटिन्यू हा पर्यायच नाही. "मामा, माझा स्वॅम्पर्ट कुठे गेला?" स्वॅम्पर्ट म्हणजे त्यानं वाढवलेला पोकेमॉन. मी काय सांगणार, कपाळ?

नंतर उघडून पाहिलं तेव्हा कळलं. मूळ एमरल्डचं सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतं. नकला करणारे हाताला येईल ती चिप बसवतात आणि गेमचा सेव्ह करणारा भाग ठोकूनठाकून तिच्यावर चालवतात. रोजचं सेव्ह कसंबसं होतं, म्हणून तुम्हाला शंकाही येत नाही. हॉल ऑफ फेमच्या वेळी मात्र गेम जास्तीची माहिती लिहायला जातो, आणि बरीच नकली कार्ट्रिज नेमकी तिथेच माती खातात. म्हणजे फसवणूक कळते ती सगळं संपवल्यावर.

तेव्हापासून विकणाऱ्याकडून मी तीन फोटो मागतो: समोरून, मागून आणि खालच्या तोंडातून. अ‍ॅडव्हान्सच्या खऱ्या कार्ट्रिजच्या तोंडातून डोकावलं की सोनेरी पट्ट्यांच्या अगदी वर आतल्या सर्किटच्या पाटीवर निन्टेन्डो हे नाव छापलेलं दिसतं. लेबलावर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, रंगाशिवाय; प्रकाशात तिरकं धरलं तर दिसतात. मागचा स्क्रू तीन पात्यांचा असतो, घरातल्या चौफुली स्क्रूड्रायव्हरनं तो फिरत नाही. यातलं एक नसलं तरी मी ते सोडून पुढे जातो. "फोटो काढायला वेळ नाही" म्हणणाऱ्याकडून तर कधीच घेत नाही. आणि "पण स्वस्त आहे ना!" म्हणत माझ्याशी वाद घालणाऱ्यांना मी पस्तीस तासांची वरची गोष्ट पुन्हा ऐकवतो.

बॅटरी

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरसारख्या त्याआधीच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह एका गोल बॅटरीवर जिवंत असतं. बॅटरी गेली की सेव्ह गेलं. या दोन गेममध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे आधीच्या रेड-ब्लूपेक्षा ती लवकर दम टाकते. "सेव्ह होत नाही, कार्ट्रिज मेलं" म्हणून लोक चांगली वस्तू मातीमोलानं विकून टाकतात, आणि मी ती आनंदानं घेतो.

बॅटरी बदलताना आतलं सेव्ह पुसलं जातं, हे काम सुरू करण्याआधी लक्षात ठेवा. जपायचं असेल तर आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्रानं त्याची प्रत काढून घ्या. पायाच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी आणा आणि त्या पट्ट्यांना सोल्डरचा डाग द्या. थेट बॅटरीवर सोल्डरिंग गन टेकवू नका, ती फुटू शकते. चिकटपट्टीनं बॅटरी दाबून बसवायचा एक झटपट उपाय सगळीकडे फिरत असतो. तो करणाऱ्यांची कार्ट्रिज दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येतात. हलवली की आत खुळखुळ वाजतं.

बंदुकीचा दोष नाही

डक हंट म्हणजे टीव्हीवरच्या बदकांवर खेळण्यातल्या बंदुकीनं नेम धरायचा निन्टेन्डोचा गेम. एका मित्रानं त्यासाठी तीन बंदुका बदलल्या. तिन्ही "खराब". चौथी मागवायच्या आधी त्यानं मला विचारलं, हे नशीब. मी एवढंच विचारलं, टीव्ही कुठला? भिंतीवरचा, सपाट.

ती बंदूक काही मारत नाही, ती बघते. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो, आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटवतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हा सगळा हिशोब काचेच्या जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेला आहे, जिथे चित्र विनाविलंब उमटतं आणि एका ठरावीक तालात लुकलुकतं. सपाट टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची बघायची वेळ टळून गेलेली असते. बदक हसतं, कुत्रा हसतो. ट्यूबचा टीव्ही नसेल तर त्या काळातली बंदूक फक्त शोभेला घ्या.

गेम धूसर दिसतो, उडी उशिरा लागते, हीही टीव्हीचीच तक्रार. आधी टीव्हीतला गेम मोड चालू करा. जुने कन्सोल २४० ओळींचं चित्र पाठवतात आणि अनेक सपाट टीव्ही ते दुसऱ्याच प्रकारचं समजून गढूळ करतात. त्यासाठी वेगळी यंत्रं मिळतात. तीही घ्यायच्या आधी विचारा.

पन्नास की साठ

युरोपातले जुने टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र बदलायचे, अमेरिका-जपानमधले ६० वेळा. युरोपासाठीच्या कित्येक गेममध्ये हा फरक भरून काढायची तसदी कुणी घेतली नाही, म्हणून ते साधारण सतरा टक्के हळू चालतात. १९९१ चा सोनिक सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या युरोपीय आवृत्तीवर खेळून बघा: वेगासाठी गाजलेला प्राणी, आणि पाठीवर पोतं घेतल्यासारखा पळतोय. संगीतही रेंगाळतं. "सोनिकचं एवढं कौतुक कशाला करतात?" असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हीच आवृत्ती खेळलेली असते, अशी माझी पक्की शंका आहे.

नवखेच चुकतात असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन क्लासिकवर, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनच्या छोट्या नव्या अवतारावर, २० गेम होते. त्यातले ९ या हळू युरोपीय आवृत्तीतले, आणि त्यात टेक्कन ३ सुद्धा. मारामारीचा गेम आणि ५० ची चाल! हे बनवणाऱ्या कंपनीकडून झालं, तर तुम्ही-आम्ही डबीवरची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत.

कार्ट्रिज दुसऱ्या देशातलं असेल तर ते आपल्या कन्सोलमध्ये चालतं का हेही बघा. गेम बॉयला ही अडचण नाही, सुपर निन्टेन्डो आणि पहिल्या प्लेस्टेशनला आहे.

पुस्तिका

"नुसती डिस्क आहे, चालेल ना?" बहुतेक वेळा चालतं. मेटल गियर सॉलिडला (१९९८) चालत नाही. त्यात एक पात्र सांगतं की मेरिल या दुसऱ्या पात्राच्या रेडिओची फ्रिक्वेन्सी सीडीच्या केसच्या मागे आहे. गंमत अशी की तेच पात्र तुमच्या हातात गेममधली एक डिस्क देतं. त्यामुळे लोक ती डिस्क उलटसुलट करून थकतात. केस म्हणजे खरोखरची, तुमच्या टेबलावरची प्लास्टिकची डबी. १४०.१५, घ्या. स्टारट्रॉपिक्सचे (१९९०) निर्माते तर याच्याही पुढचे. डब्यात एक कागदी पत्र होतं. ते पाण्यात भिजवलं की गेममध्ये पुढे जायला लागणारा ७४७ हा आकडा उमटायचा. जुनी प्रत घेतली असेल तर ते पत्र आधीच्या मालकानं कधीच भिजवून फेकलेलं असणार.

गोल्डनआयची ती संध्याकाळ

आता दुसरी लाडकी चूक.

आम्ही चौघे मित्र शिकत असताना निन्टेन्डो ६४ वर गोल्डनआय (१९९७) हा जेम्स बाँडचा गोळीबाराचा गेम रात्र-रात्र खेळायचो. कित्येक वर्षांनी चौघे एकत्र जमणार होतो, म्हणून मी कन्सोल मिळवला, चार कंट्रोलर मिळवले, गेम मिळवला. खूप खर्च झाला, तो किती ते घरी अजून माहीत नाही. मंडळी बसली. पडदा चार तुकड्यांत विभागला. नेम धरायला कंट्रोलरवर एकच काठी, बाजूला सरकायला वेगळी बटणं, स्फोट झाला की चित्र अडखळायचं. दोन कंट्रोलरच्या काठ्या इतक्या झिजलेल्या की बुडाशी पांढरी पूड साचलेली आणि पडद्यावरचा माणूस आपोआप डावीकडे चालत सुटायचा. विसाव्या मिनिटाला तिघांच्या हातात फोन होते.

आम्हाला काय आठवत होतं? "ऑडजॉब घ्यायचा नाही, तो बुटका आहे, त्याला गोळी लागत नाही" यावरची भांडणं. दुसऱ्याच्या पडद्यात चोरून बघितलं म्हणून झालेली आदळआपट. हे सगळं कार्ट्रिजमध्ये नव्हतं. गेम त्या काळात खरोखर थोर होता, आजही मी त्याच्या बाजूनं भांडेन. पण नंतर आलेल्या दोन काठ्यांच्या कंट्रोलरनी आमच्या बोटांना बिघडवून ठेवलंय.

म्हणून आता मी आधी खेळतो, मग घेतो. कुणाकडे असेल तर त्याच्याकडे जाऊन, नाहीतर अधिकृत संग्रहात पुन्हा आलेला असेल तर तिथे. दोन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी स्वतःहून हात गेला तरच विकत घेण्याचा विचार. उतावळ्यांना हे पटत नाही. "तोवर दुसरा कुणी घेऊन टाकेल" म्हणतात. घेऊ दे. दोन महिन्यांत तोच विकायला काढेल.

अपेक्षाभंग ही आजची गोष्ट नाही. अटारी २६०० या घरगुती कन्सोलचा पॅक-मॅन १९८२ साली आला तेव्हा लोक आर्केडमधला गेम घरी येतोय म्हणून धावले. टॉड फ्राय या प्रोग्रामरला तो ४ किलोबाइटमध्ये बसवावा लागला होता. भुतं आळीपाळीनं, एका चित्रात एकच अशी काढलेली, म्हणून सतत लुकलुकतात. नाव तेच होतं, गेम तो नव्हता.

आणि "जगातला सगळ्यात वाईट गेम" म्हणून गंमत म्हणून घेणारे! त्याच अटारीचा ई.टी. (१९८२) हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉनं जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला. न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचऱ्यात पुरला गेला आणि २०१४ साली उकरून काढला गेला. ही गोष्ट गेमपेक्षा कितीतरी मजेदार आहे, आणि ती फुकट आहे. कार्ट्रिज घेतलंत तर दहा मिनिटं गेममधल्या खड्ड्यांत पडाल आणि बंद कराल. त्याच माणसाचा यार्स रिव्हेंज घ्या. सुपरमॅन ६४ (१९९९) बद्दल एवढंच: कड्या. धुक्यात कड्या. त्यांतून उडायचं.

बाकीच्या, पटापट

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका. थुंकीनं पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पाच मिनिटं सुकू द्या.

"एकात हजार गेम"वाली खेळणी घेऊ नका. तेच चाळीस-पन्नास गेम नावं बदलून पुन्हा-पुन्हा येतात.

वीस गेमचा गठ्ठा एका गेमसाठी घेऊ नका. उरलेले एकोणीस जुने क्रीडा-गेम निघतात, ते फुकटही कुणी नेत नाही.

नव्या गेमची प्री-ऑर्डर कशासाठी? डाउनलोडचा साठा कधी संपतो का? सायबरपंक २०७७ दहा डिसेंबर २०२० ला आला आणि आठवड्याभरात प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून घेतला गेला, तो परतला जून २०२१ मध्ये. ज्यांनी वाट पाहिली त्यांना चांगला गेम मिळाला. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास पात्राचा चेहरा घडवताना त्याचं नाक कोरण्यात घालवू नका.

फक्त ऑनलाइन चालणारा गेम म्हणजे भाड्याची खोली. २०१४ चा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद झाला. डिस्क घेतलेल्यांकडे आता नुसती डिस्क आहे.

भाच्याला शेवटी खरा एमरल्ड मिळवून दिला. तीन फोटो बघून, पाटीवरचं नाव वाचून, तिप्पट किमतीला. त्यानं चालू केला आणि पाच मिनिटांत फोन. "मामा, हाही खोटाच आहे! आतली बॅटरी संपली म्हणतोय." त्याला समजावलं, की यात बॅटरी फक्त घड्याळापुरती असते, सेव्हला काही होत नाही. ती सूचना दिसली की उलट मला बरं वाटतं. विश्वास बसला नाही त्याचा. रविवारी सीआर १६१६ बॅटरी आणून, पट्ट्या लावलेली, बसवून दिली. या वेळी त्यानं टॉर्चिक हा पोकेमॉन निवडलाय, आणि प्रत्येक जिमनंतर कन्सोल बंद करून पुन्हा चालू करतो आणि कंटिन्यू दिसतंय याचा फोटो मला पाठवतो.