आजोबांची मेडल्स ट्रंकेतून काढताय? मग आधी एवढी तयारी करा

पहिलं काम पॉलिश नाही, फोटो. घरातलं कुणीतरी उत्साहाने चिंच, राख नाहीतर पितांबरी घेऊन बसायच्या आत मोबाईल काढा, टॉर्च बाजूने तिरका धरा आणि मेडलच्या कडेचा फोटो घ्या, कारण बहुतेक वेळा तिथेच बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचा १९१४-१५ चा स्टार (ताऱ्याच्या आकाराचं मेडल) असेल तर हे सगळं मागच्या बाजूला सापडतं. नावाचं स्पेलिंग साहेबांच्या कानाला जसं ऐकू आलं तसं असायचं, त्यामुळे आपलं आडनाव नाही म्हणून लगेच बाजूला ठेवू नका. कडेवर १०३, १०५, ११० किंवा ११७ मराठा दिसलं तर गोंधळू नका, या जुन्या पलटणी १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये गेल्या. ही अक्षरं एकदा घासून गेली की मेडल कोणाचं हे सांगायला काहीच उरत नाही, म्हणून एवढं बजावतोय.

मग कागद गोळा करा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), जुनी पत्रं, शौर्यपदक असेल तर गॅझेटची प्रत आणि सनद, जे मिळेल ते, फाटकं असलं तरी चालेल पण फेकू नका. सर्व्हिस नंबर मिळाला की पुढचं सोपं जातं, कारण चौकशी त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायची असते: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचं) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बसा, तिथली माणसं रोज हेच करत असतात. याच फेरीत हेही विचारून घ्या की आजोबांना आणखी कुठली मेडल्स लागू होती का. १९६५ चं रक्षा मेडल, ७१ चं संग्राम मेडल, पूर्वी किंवा पश्चिमी स्टार अशी कितीतरी जणांची राहून गेलेली असतात, माणूस रिटायर होऊन गावी आला आणि मेडल मागे राहिलं. शौर्यपदक असेल आणि आजी हयात असतील तर दरमहा भत्ता सुरू आहे का ते बघाच, ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला २०,०००, महावीर चक्राला १०,००० आणि वीर चक्राला ७,००० रुपये महिना आहे आणि तो जवानानंतर त्याच्या पत्नीला मिळतो.

आता भांडणाचा मुद्दा, मालकी कोणाची. मेडल ज्याला मिळालं त्याचं, आणि तो गेल्यावर ते त्याच्या बाकीच्या जंगम मालमत्तेसारखंच वारसांकडे जातं. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, आई, मुलगे, मुली असे पहिल्या वर्गातले सगळे वारस समान हक्कदार. थोरल्याच्याच कपाटात ट्रंक आहे म्हणून ती त्याची झाली असं नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या आत्याचाही त्यात हक्क आहे हे आधीच मान्य करा म्हणजे पुढे तोंडं वाकडी होणार नाहीत. माझं स्पष्ट मत, सेट फोडू नका. एकाला स्टार, दुसऱ्याला गोल मेडल अशी वाटणी केली की दोघांकडेही धड काही राहत नाही, त्यापेक्षा एकाच्या ताब्यात ठेवा आणि बाकीच्यांच्या सह्या घेऊन साध्या कागदावर लिहून ठेवा. आजोबा अजून असतील तर फारच उत्तम, मृत्युपत्रात एक ओळ टाकायला सांगा, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही.

विकायचा विषय निघाला तर घरात अजून फौजेच्या नोकरीत असलेला कोणी आहे का बघा. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ५४ म्हणतं की स्वतःला मिळालेलं मेडल विकणं, गहाण टाकणं, खराब करणं हा गुन्हा आहे आणि कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वारसांना हे कलम लागत नाही, पण म्हणून सोनाराकडे चांदीच्या भावात देऊ नका, वितळलेलं परत येत नाही. परदेशातल्या भावाला पाठवायचं असेल तर मात्र थांबा. पहिल्या महायुद्धाच्या मेडल्सना शंभर वर्षं उलटून गेलीत, आणि ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याला विचारा, कुरिअर नंतर.

लग्नात किंवा १५ ऑगस्टला लावायची हौस असते, समजू शकतो. ज्याची आहेत तो डाव्या छातीवर लावतो, घरचे लावणार असतील तर उजव्या बाजूला, स्मारकावर वगैरे श्रद्धांजलीच्या वेळी. जुन्या बाजारातून घेतलेली मेडल्स आणि वर फौजी ड्रेस घालून मी सैनिक आहे असं भासवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिने कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. गंमत म्हणून रील बनवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

ठेवायची तयारी सगळ्यात शेवटी, आणि ती स्वस्त आहे. ॲसिड-फ्री कागद, घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या (कोकणात असाल तर पावसाळ्यात त्या बदलत राहा), हाताळायला नायट्राइलचे हातमोजे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात आणि रबरबँडमध्ये कधी ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. फ्रेम करणार असाल तर फेव्हिकॉल बिलकुल नको, आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रिबनचा रंग उडतो. नवी रिबन घेतलीत तरी जुनी त्याच डब्यात वेगळ्या कागदात ठेवा, आणि कडेच्या त्या फोटोंची एकेक प्रिंट सुद्धा.