बाँड पाठ करू नका, मोजा

इंदूरात आमच्याकडे अकरावीची पोरं केमिस्ट्री शिकायला येतात ना, त्यांना मी पहिले हेच सांगते, की बाँड म्हणजे अणूंना जोडणारा बंध, तो पाठ करू नका, मोजा. आधी प्रत्येक कक्षेतले इलेक्ट्रॉन लिहा, शेवटचा आकडा बाहेरच्या कक्षेचा, तिथे बहुतेक अणूंना आठ हवे असतात, सोडियम 2,8,1 आणि क्लोरीन 2,8,7, सोडियमनी एक देऊन टाकला की त्याची आतली 8 ची कक्षा बाहेरची होते आणि क्लोरीनचेही 8 भरतात, झाला आयनिक बाँड, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन बनलेला.

शेअरिंगमध्ये, म्हणजे अणू इलेक्ट्रॉन वाटून वापरतात तिथे, खरी मजा आहे. कार्बन डायऑक्साइड घ्या, कार्बनचे बाहेरचे 4, दोन ऑक्सिजनचे 6-6, एकूण 16, आणि तिघांना आठ-आठ हवेत म्हणजे 24. वजाबाकी केली, आले 8, एका बाँडला दोन इलेक्ट्रॉन लागतात म्हणून त्याचे अर्धे 4, म्हणजे चार बाँड, मग कार्बन मध्ये ठेवून दोन्हीकडे डबल बाँड काढा आणि उरलेले 8 इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर दोन-दोन जोड्या करून टाका. आता प्रत्येकाभोवती आठ आहेत का ते मोजाच, पोरं नेमकं हेच गाळतात आणि मार्क जातात, मला फार वाईट वाटतं.

हायड्रोजनला मात्र दोनच पुरतात हं. आणि बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉन सहावरच थांबलेला दाखवतात, तिथे हा वजाबाकीचा हिशोब लावू नका.