नळाचे पाणी उलटे जाऊ नये म्हणून काय करावे, आणि झडप कशी तपासावी

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात घरात दोन पाणी असतात. बोअरचे खारे पाणी धुण्याभांड्यांना, नळाचे गोडे पिण्याला. त्यामुळे नळात उलटे पाणी शिरले की आमच्याकडे ते जिभेला कळते. जिथे बोअरही गोडा आहे तिथे ते कळतच नाही, आणि मग पोरांची पोटे बिघडतात.

गावच्या टाकीचा व्हॉल्व बंद झाला की उताराकडच्या उघड्या तोट्यांतून लाइन रिकामी होते आणि चढावरच्या घरांचा पाइप पाणी आत ओढू लागतो. त्याचे तोंड जिथे बुडालेले असेल, तिथले पाणी लाइनीत जाते. टिल्लू पंप थेट नळाला लावला तर ही ओढ कितीतरी वाढते. तो नळाला लावूच नका. आधी टाक्यात पाणी घ्या, मग तिथून चढवा.

नळाचा खड्डा बुजवा. प्रेशर नाही म्हणून तोटी दोन फूट खाली नेतात, आणि नळ गेला की ती सांडपाण्यात बुडते. वर घेतल्यावर धार बारीक होईल. होऊ द्या.

टाक्यात नळी बुडवून ठेवू नका. पाइपचे तोंड टाक्याच्या काठापासून पाइपच्या व्यासाच्या दुप्पट, पण निदान १ इंच वर हवे. हे अंतर कोणत्याही व्हॉल्वपेक्षा भरवशाचे, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नाही. फवारणीच्या ड्रममध्ये तर नळी कधीच सोडायची नाही. पाणी बादलीने ओता.

बोअर आणि नळ एकाच पाइपला जोडलेले असतील तर जोड तोडा. मधे कॉक आहे, हे उत्तर मला पटत नाही. कोणीतरी तो उघडा ठेवतोच.

यानंतर घराच्या लाइनीवर नॉन रिटर्न व्हॉल्व बसवा, म्हणजे आतल्या झडपेमुळे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व. बाण घराकडे, पाइप आडवा, झाकण वर. व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉक, आणि कॉक व व्हॉल्व यांच्या मधे दोन्हीकडे एकेक छोटी तोटी. या तोट्यांचा खर्च टाळू नका, त्यांच्याशिवाय व्हॉल्व तपासता येत नाही.

मी खरा फसलो तो तपासण्यात. तेव्हा आमचा बोअर नळाच्याच पाइपला होता, मधे हा व्हॉल्व. मी बोअरची मोटर चालू करून रस्त्याकडची तोटी उघडायचो. थेंब नाही. व्हॉल्व चांगला, असे दोन वर्षे मानत राहिलो. पण आई म्हणायची, नळ आला की पहिला हंडा खारट लागतो. आईचे बरोबर होते. मोटरच्या जोराने झडप घट्ट दाबली जाते. मोटर बंद झाली की पाइपात उरलेल्या पाण्याचा दाब थोडा, आणि झडपेखाली रेतीचा कण. तेवढ्या फटीतून खारे पाणी रात्रभर रस्त्याकडे झिरपत होते. म्हणून झडप कमी दाबावरच तपासा. जोराच्या दाबावर ती टिकली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

त्यासाठी मिस्त्रीची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या. नळ नसताना दोन्ही कॉक बंद करा. ट्यूब घराकडच्या तोटीला घट्ट बसवून उभी धरा आणि व्हॉल्वच्या वर २८ इंचांपर्यंत पाणी भरा. एवढ्या उंचीचा दाब साधारण १ पीएसआय होतो. ट्यूब झटकून बुडबुडे आधी काढा. हवा राहिली तर पातळी उगाच खाली येते आणि चांगला व्हॉल्व फेकला जातो. आता पातळीवर खूण करा आणि रस्त्याकडची तोटी उघडा. सुरुवातीला पाइपातले उरलेले पाणी पडेल, ते पडू द्या. मग १० मिनिटे थांबा. तोटी कोरडी आणि पातळी खुणेवर, तर व्हॉल्व ठीक. तोटी ठिबकत राहिली तर झडप गळते. तोटी कोरडी असूनही पातळी उतरली, तर ट्यूबचा जोड किंवा घराकडचा कॉक पाहा.

गळत असेल तर झाकण उघडून झडपेखालची रेती, क्षार कापडाने पुसा. झडप जिथे टेकते ती बैठक चरलेली असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, नवा बसवा. पुसल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या. दर वर्षी पावसाळा संपल्यावर घ्या, आणि गावची लाइन फुटून दुरुस्त झाली की दुसऱ्याच दिवशी घ्या.

त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तुमच्याच तोटीच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करून घ्या. पिवळी छटा आली नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेले नाही. ते खळखळ उकळूनच प्या.