उसने दिलेले पैसे परत आले, पण हप्त्याहप्त्याने

मित्राला पैसे दिले तेव्हा "पुढच्या महिन्यात नक्की" एवढ्यावरच भागलं होतं. मग वर्षभर तो फोन उचलेना. उचललाच तर "अरे, तुझाच विषय डोक्यात होता" म्हणायचा. चिडून मी चारचौघांत विषय काढला, तर उलट मीच चिकट ठरलो. चूक माझीच. माणूस ओशाळला की तोंड चुकवायला लागतो.

मग जुने मेसेज आणि बँकेचं स्टेटमेंट धुंडाळून रक्कम नि तारीख काढली. त्याला एकट्याला गाठलं आणि "कधी देतोस?" ऐवजी विचारलं, "दरमहा किती जमेल?" तो बराच वेळ किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत बसला. मग रकमेचा दहावा हिस्सा म्हणाला. कमीच होता, पण मी तिथल्या तिथे मेसेज टाकला: एकूण इतके, 10 हप्ते, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. त्याने "हो" लिहिलं. देणं लेखी कबूल झालं! कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच, तर तोंडी वचनापेक्षा असलं काहीतरी हाताशी असलेलं बरं. (अशा दाव्यांना मुदत असते, म्हणून फार वर्षं गप्प बसू नये.)

हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय त्याच्याच फोनवर, माझ्यासमोर करून घेतली. खरी मात्रा इथे लागू पडली. माझी भुणभुण संपली. खात्यात शिल्लक नसल्याने 2 हप्ते चुकले, ते शेवटी वाढवून घेतले.

शेवटचा हप्ता आला त्याच रात्री त्याचा फोन. "थोडी अडचण होती रे..."

या वेळी मी सबबी न सांगता सरळ "नाही" म्हटलं.