रस्त्यावर वाजवायला उभं राहण्याआधी

माणूस सहज चालीने सेकंदाला साधारण १.३ ते १.४ मीटर जातो. वर्दळीच्या रस्त्यावर तुमचा आवाज दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर नीट पोहोचला, तर एका वाटसरूच्या कानावर तुम्ही जेमतेम वीस-बावीस सेकंद असता. तेवढ्यात त्याला सूर ओळखीचा वाटायला हवा, तुम्ही दिसायला हवेत, द्यावंसं वाटायला हवं आणि हात खिशापर्यंत जायला हवा. जागा, वेळ, गाण्यांचा क्रम, पैशाचं खोकं कुठे ठेवायचं, हे सगळं त्या वीस सेकंदांकडे बघून ठरवायचं. रियाज लागतोच, पण चुकीच्या कोपऱ्यावर उत्तम वाजवणाऱ्यापेक्षा योग्य कोपऱ्यावर बरं वाजवणारा जास्त कमावतो.

याचा गाजलेला दाखला १२ जानेवारी २००७ चा. विख्यात व्हायोलिनवादक जोशुआ बेल वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात सकाळच्या ऑफिसच्या वेळी ओळख न देता ४३ मिनिटं वाजवत होता. १,०९७ माणसं समोरून गेली, थांबून ऐकणारी निघाली सात, आणि जमले बत्तीस डॉलरच्या आसपास. लोकांना कलेची कदर नाही, असा निष्कर्ष त्यावरून बरेच जण काढतात. रस्त्यावर वाजवणारे त्यात दुसरंच वाचतात: वेळ चुकली. कामावर पोहोचायच्या घाईतल्या माणसाकडे वीस सेकंदही नसतात.

जागा

गर्दी जास्त तिथे कमाई जास्त, हा पहिला गैरसमज. गर्दी हवी, पण तिची चाल मंदावणारी हवी. चौकाच्या थोडं अलीकडे, बागेच्या फाटकाजवळ, पादचारी रस्ता रुंद होतो तिथे, बाजारपेठेच्या तोंडाशी माणूस आपोआप रेंगाळतो. सरकत्या जिन्याच्या टोकाशी, दाराच्या समोर किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडावर उभं राहू नये. तिथे थांबणारा माणूस मागच्याला अडवतो, म्हणून कोणी थांबत नाही, आणि तक्रार सर्वांत आधी तिथूनच येते. एटीएमजवळही नको. पैसे काढणाऱ्याला आपल्यावर नजर आहे असं वाटतं आणि तो पाकीट लपवत निघून जातो.

पाठीशी भिंत असावी. आवाज पुढे फेकला जातो आणि मागून सामानाला कोणी हात लावत नाही. तुमच्यासमोर दहा-बारा माणसं थांबली तरी त्यांच्या पलीकडून दोन माणसं शेजारीशेजारी जाऊ शकतील, निदान दोन मीटर, एवढी वाट मोकळी राहायला हवी. फरशी लावलेल्या भुयारी मार्गात आवाज घुमतो. बासरी, व्हायोलिन, संथ गाणं तिथे भरून येतं. जलद बोटांचं वाजवणं, तालवाद्यं आणि शब्दबहुल गाणी मात्र तिथे एकमेकांवर आदळून चिखल होतात.

जागा हेरायला आधी एकदा वाद्याशिवाय जा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. बस कुठे इंजिन चालू ठेवून थांबते, ऊन कोणत्या वेळी सरकून अंगावर येतं, सामान उतरवणारे ट्रक कधी येतात, आधीपासून कोण वाजवायला बसतं, हे त्याच वेळी कळतं. दुसरा वादक दिसला तर त्याचं गाणं संपू द्या, चार पैसे टाका आणि मग विचारा. एक-एक तासाची पाळी ठरवून घेणं बहुतेकांना मान्य असतं. त्याच्या आवाजाच्या टप्प्यात दुसरं वाद्य काढणं मात्र कोणी खपवून घेत नाही.

वेळेचं म्हणाल तर दुपारच्या जेवणाची सुट्टी, संध्याकाळचा परतीचा ओघ आणि सुट्टीच्या दिवशीची दुपार ते रात्र या वेळा बऱ्या. रात्री उशिरा पैसे जास्त पडतात, आणि दारू प्यायलेले लोकही जास्त येतात.

परवानगी

एकाच शहरात तीन मालक असतात: रस्ता आणि पदपथ स्थानिक प्रशासनाचा, स्थानकं वाहतूक संस्थेची, आणि सार्वजनिक वाटणारी बरीचशी चकचकीत मोकळी जागा खासगी मालकीची. तिघांचे नियम वेगळे. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून परवान्याची पद्धत आहे. चाचणी देऊन नेमलेल्या जागीच वाजवता येतं. न्यूयॉर्कच्या सबवेत परवान्याशिवाय वाजवता येतं, पण फलाटावर अँप्लिफायर चालत नाही. म्हणून 'वाजवायला परवानगी लागते का' एवढंच विचारून भागत नाही. अँप चालेल का, तालवाद्य चालेल का, किती वाजेपर्यंत, एका जागी सलग किती वेळ, आणि स्वतःचं रेकॉर्डिंग विकता येईल का, हे पाचही प्रश्न विचारा. शेवटचा महत्त्वाचा, कारण ऐच्छिक पैसे घेणं आणि किंमत लावून वस्तू विकणं यात बऱ्याच ठिकाणी फरक केला जातो; दुसऱ्याला फेरीवाल्याचे नियम लागू होतात. उत्तर लेखी असेल तर त्याची प्रत वाद्याच्या पेटीत ठेवा.

आवाज

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे दूरच्याला ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला की सर्वांत जवळच्याला, म्हणजे पैसे टाकायला पुढे येणाऱ्याला, तो असह्य होतो. अँप जमिनीवर ठेवलं तर खर्ज फुगतो, आणि भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं तर आणखी. मग शब्द कळत नाहीत, पण शेजारच्या दुकानाची काच मात्र थरथरते. अँप खुर्चीच्या उंचीवर घ्या किंवा मागे रेलून तिरपं ठेवा, बेसचं बटण बरंच खाली आणा. माइक नेहमी अँपच्या मागच्या बाजूला हवा. अँपचं तोंड माइककडे झालं की शिट्टी सुरू होते. रस्त्यावर कंडेन्सर माइक नेऊ नये, तो बसचा हॉर्नही तितक्याच मायेने उचलतो. साधा डायनॅमिक माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर ठेवा.

पातळी बरोबर आहे का हे तपासायचं तर कोणाला तरी वाजवायला सांगून, किंवा फोनवरचं रेकॉर्डिंग अँपमधून लावून, दहा मीटर लांब जाऊन ऐका. तिथे शब्द कळले पाहिजेत. आणि दोन-तीन मीटरवर उभ्या दोन माणसांना घसा न ताणता बोलता आलं पाहिजे. रुग्णवाहिका किंवा बस आली तर तिच्याशी स्पर्धा करू नका, चार मात्रा नुसता ठेका धरा आणि मग पुढे जा.

बॅटरीवर चालणाऱ्या अँपच्या खोक्यावर लिहिलेले तास मध्यम आवाजाचे असतात. पूर्ण आवाजात त्याच्या निम्मेच धरून चला. घरी एकदा पूर्ण चार्ज करून, रस्त्यावर लागेल त्या आवाजात, बंद पडेपर्यंत चालवून पाहा. तोच तुमचा खरा आकडा.

सामान एका खेपेत एकट्याने उचलता येईल एवढंच. दुसरी खेप करावी लागली की पहिल्या खेपेचं सामान रस्त्यावर बेवारस राहतं. वाद्य, अँप, माइक, स्टँड, प्रत्येक केबलला एक जादा केबल, तारांचा संच, ट्यूनर, चिकटपट्टी, कागद उडू नयेत म्हणून चिमटे, अँपवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद, पाणी. बिघडतं ते बहुतेक वेळा केबलचं टोक, आणि तेही नेमकं समोर माणसं जमल्यावर.

वाद्यं उघड्यावर वेगळी वागतात. ऊन लागलं की तार सैलावून गिटार उतरते, थंडीत बासरीचा स्वर उतरतो, दमट हवेत चामड्याची पुडी ओल धरते आणि ठाप बसत नाही. वाजवायच्या जागी पोहोचल्यावर दहा मिनिटं वाद्य पेटीबाहेर सावलीत ठेवा आणि मगच जुळवा.

काय वाजवायचं

लांबलचक आलाप किंवा चार ओळींचं प्रास्ताविक इथे परवडत नाही. मुखडा पहिल्या पाच सेकंदांत यायला हवा. आठ-दहा गाणी, मिळून अर्धा तास, एवढी यादी पुरते, कारण ऐकणारे बदलत असतात. पण समोरचा दुकानदार बदलत नाही! त्याच्यासाठी दुसरी यादी तयार ठेवा आणि दीड-दोन तासांनी जागा सोडा. तक्रारी नुसत्या आवाजाच्या नसतात, त्याच त्याच गाण्याच्याही असतात.

दोन गाण्यांमधली फट दहा सेकंदांपेक्षा मोठी होऊ देऊ नका. सूर थांबला की थांबलेली माणसं निघतात. जुळवायचं असेल तर गाणं चालू असतानाच्या मोकळ्या जागेत जुळवा. गायकांनी मूळ पट्टीपेक्षा अर्धा ते एक स्वर खाली गावं. उघड्यावर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, माणूस नकळत ओरडतो आणि घसा तासाभरात बसतो. पंचेचाळीस मिनिटं गाणं, पंधरा मिनिटं गप्प बसणं.

घोळका जमला तर गणित बदलतं. मग शेवटच्या गाण्याच्या *आधी* सांगायचं की हे शेवटचं, आवडलं असेल तर खोकं इथे आहे. गाणं संपल्यावर सांगायला गेलात तर निम्मे वळलेले असतात.

खोकं

रिकामं खोकं रिकामंच राहतं. सुरुवातीला स्वतःची काही नाणी आणि दोन-तीन नोटा टाका, नोटांवर जड नाणी ठेवा. फार भरलं तरी हात आखडतो, शिवाय चोराची नजर जाते. मोठ्या नोटा दर दोन-तीन गाण्यांनी उचलून आतल्या खिशात. खोकं पायांपासून एक-दीड पावलावर, म्हणजे पैसे टाकणाऱ्याला तुमच्या अंगावर यावं लागत नाही आणि पळवणाऱ्याला तुमच्या पायाजवळून जावं लागतं. पिशवीचा पट्टा स्टुलाच्या पायात अडकवा.

क्यूआर कोड आता हवाच, पण बरेच जण तो खोक्यात आडवा टाकतात. वाकून, आपलीच सावली पाडून स्कॅन कोण करणार? कंबरेच्या उंचीवर उभा लावा. ढोबळ हिशेब असा की जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायचा त्याच्या एक दशांश रुंदी हवी: एक मीटरसाठी १० सेंटिमीटर, दोन मीटरसाठी २०. चमकणारं लॅमिनेशन टाळा, उन्हात कोड वाचला जात नाही. आणि अधूनमधून हात फिरवून पाहा. तुमच्या कोडवर दुसऱ्याच कोणाचा स्टिकर चिकटवलेला असू शकतो.

पैसे टाकणाऱ्याकडे मान हलवून हसा, गाणं न तोडता. मुलाने नाणं टाकलं तर त्याच्यासाठी दोन ओळी त्याच्याकडे बघून वाजवा, कारण त्याला घेऊन आलेली माणसं मग थांबतात.

पोलीस किंवा सुरक्षारक्षक जवळ आला तर आधी वाद्य थांबवा, मग बोला. वाजवत वाजवत वाद घातला की साधी विचारणाही हकालपट्टीत संपते. दारुड्याला माइक देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. एक गाणं लवकर संपवून पाणी प्यायला थांबलात की तो कंटाळून जातो.

वहीत जागा, वार, वेळ, हवा, आणि ताशी रक्कम लिहीत जा. दहा-बारा खेपांनंतर कोणती जागा कोणत्या वारी चालते ते दिसू लागतं, आणि आवडती जागा त्यात बहुधा तळाशी निघते. आवरताना आधी पैसे आत, मग वाद्य, मग केबल, सर्वांत शेवटी अँप. मोजणी घरी.