नव्या पोराला पोझिशन बदलायला कसं सांगायचं

जुलैत फुटबॉलच्या ट्रायल्स लागल्या की पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजचे फॉर्म उघडून बघा, पोझिशनच्या रकान्यात स्ट्रायकर, स्ट्रायकर, विंगर (कडेने पुढे पळणारा), सीएएम (म्हणजे सेंट्रल अटॅकिंग मिडफिल्डर, हा फिफा व्हिडिओ गेम खेळून आलेला), परत स्ट्रायकर. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, कुणी लिहीतच नाही. मग टीम बनवताना पाच-सहा स्ट्रायकर हातात आणि मागे डाव्या पायाचा एकही माणूस नाही, म्हणजे कुणाला तरी विचारावं लागणारच, आणि इथेच बरेच सीनियर नि कोच माती खातात, कारण ते विचारत नाहीत, ग्रुपवर लाइनअप टाकतात आणि पोराला सकाळी सातला कळतं की आज आपण राइट बॅक आहोत.

पहिलं म्हणजे विचारायच्या आधी बघा. प्रॅक्टिसला छोट्या मैदानावर सहा-सहाची गेम लावा आणि काहीही न बोलता त्याला कडेला मागे उभा करा. बॉल पायात असताना तो काय करतो ते सोडा, बॉल गेल्यावर काय करतो ते बघा. मान फिरवून मागे पळाला तर त्याच्यात बॅक आहे, कमरेवर हात ठेवून उभा राहिला तर विषय तिथेच सोडा. विंगरचा फुलबॅक (कडेचा बॅक, लेफ्ट किंवा राइट) करणं त्यातल्या त्यात सोपं, कारण साइडलाइनची सवय असते, पळायचा दम असतो, फक्त लांबच्या पोस्टवर आत सरकून उभं राहणं आणि बाकीच्या बॅकांबरोबर एका लाइनीत राहणं शिकवावं लागतं. स्ट्रायकरचा सेंटर बॅक (मधला बॅक) पण होतो, उंच असेल तर, समोरचा कुठे पळणार हे त्याला आधीच कळतं. त्याची खोड एकच, घाईघाईत टॅकलला झोपतो, आणि पावसाळ्यात चिखलात ते खपून जातं पण दिवाळीनंतर मैदान वाळून कडक झालं की मांडी सोलून निघते आणि पेनल्टी वेगळीच. गोलकीपर मात्र कुणालाही जबरदस्तीने करू नका. स्वतःहून हात वर करणाराच गोली टिकतो.

आता विचारायचं कधी? हरल्यावर लगेच नाही, कारण ती शिक्षा वाटते. सबमिशनच्या आठवड्यात नाही. सगळ्यांसमोर तर अजिबात नाही. प्रॅक्टिस संपली, बाकीचे टपरीकडे निघाले, तो बसून बूट सोडतोय, तेव्हा शेजारी बसा. आणि "टीमसाठी कर" ने सुरुवात करू नका, ते वाक्य ऐकलं की पोराला कळतं आपला बकरा होतोय. जे बघितलं तेच सांगा.

"मगाशी त्यांचा विंगर सुटला तेव्हा तू हाफलाइनवरून मागे आलास, बघितलं मी. लेफ्ट बॅकला ट्राय करशील का?"

"सर, मी शाळेपासून स्ट्रायकरच खेळतोय."

"माहितीये. स्ट्रायकरला आपल्याकडे दोन थर्ड इयरचे आहेत, तिथे तुला यंदा शेवटची दहा मिनिटं मिळतील. लेफ्ट बॅकला पूर्ण मॅच. पुढच्या दोन फ्रेंडली खेळून बघ, नाही जमलं तर परत पुढे."

यात काय काय आहे बघा: कारण, त्याला काय मिळणार, किती दिवस, आणि परतीचा रस्ता. चारातलं एक जरी गाळलं तरी पोरगा तोंडावर "हो सर" म्हणेल आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्या आजीची तब्येत बिघडायला लागेल. आणि फ्रेंडली म्हटलंय तर फ्रेंडलीच. इंटरकॉलेजला बऱ्याचदा नॉकआउट असतं, एक हरलो की थेट घरी, तिथे नवख्या बॅकवर प्रयोग केला आणि त्याच्या बाजूने गोल खाल्ला तर तो पोरगा त्या जागेचं नावच काढणार नाही परत.

उदाहरणं द्या पण जवळची द्या. आशिक कुरुनियन आपल्या बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून विंगर होता, पुढे बेंगळुरूत लेफ्ट बॅकलाही खेळला. वेल्सच्या गॅरेथ बेलचं उलटं, इंग्लंडमधल्या टॉटनहॅमला आला तो लेफ्ट बॅक म्हणून आणि 2010 मध्ये मिलानच्या सॅन सिरो मैदानावर इंटर मिलानला हॅटट्रिक मारली ती विंगवरून. हे सांगितलं की पोरांना पटतं की जागा काय कायमची गोंदवून घेतलेली नसते.

स्पोर्ट्स कोट्यातून कुणाला घेत असाल तर मात्र हे सगळं ॲडमिशनच्या आधी बोला. अमेरिकेत त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये कॉलेजचे कोच पोराच्या घरी जाऊन आईबापांसमोर बसून ही बोलणी करतात. 2018 पासून तिकडे ट्रान्सफर पोर्टल आहे, पटलं नाही तर पोरगा नाव टाकून दुसरं कॉलेज शोधतो. ज्युलियन एडलमन तिकडे कॉलेजात क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) होता, 2009 ला न्यू इंग्लंड पेट्रियट्स या प्रो टीमने घेतला नि रिसीव्हर (बॉल झेलणारा) केला, 2019 च्या सुपर बोलचा, म्हणजे त्यांच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. आपल्याकडे पोर्टल वगैरे नाही, आपल्याकडे पोरगा सरळ प्रॅक्टिसला यायचा बंद होतो. आणि वडिलांचा फोन येतो, "आमच्या मुलाला मागे का टाकलं?" त्यांनाही तेच सांगा जे पोराला सांगितलं, वेगळं काही गोड बोलायला जाऊ नका, घरी दोघं ताडून बघतात.

नाही म्हणाला तर? सोडून द्या. एफवायचा आहे, अजून दोन-तीन वर्षं आहेत, डिसेंबरपर्यंत बेंचवर बसून कंटाळला की बऱ्याचदा स्वतःच येतो विचारायला. तेव्हा "बघ, मी म्हटलं होतं ना" एवढं तेवढं गिळा.

आणि जर्सीचा नंबर काढून घेऊ नका प्लीज. लेफ्ट बॅक स्ट्रायकरचा 9 नंबर घालून उतरला तर रेफ्री काही बोलत नाही, नियमात पोझिशन नि नंबरचा काही संबंधच नाहीये.